बाईंचं उघडं डोकं

"कुंकू लावा हो बाईंना," भाऊसाहेब निंबळे म्हणाले आणि पेढा खाल्लेलं बोट त्यांनी सरळ माझ्या कॅनव्हासवर टेकवलं. बाईंच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मधोमध. तुपाचा डाग पडला.

मी फडकं घेऊन तो टिपला. म्हटलं, "भाऊसाहेब, रंग वाळलाय म्हणून वाचलात. हात लावायचा नाही."

"बरं बरं, नाही लावत. पण कुंकू तेवढं लावा. आणि हे डोकं..." भातात केस सापडावा तसं तोंड करून ते चित्राकडे बघत होते. "हे डोकं काही बरं दिसत नाही बघा."

"ते तसंच होतं."

"अहो, असेल. आपण कुठे नाही म्हणतोय? पण म्हणून ते दाखवायलाच पाहिजे का?"

त्यांच्या मागे त्यांच्या सौभाग्यवती उभ्या होत्या, मृणालिनीताई. महिला मंडळाच्या अध्यक्षा. नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या, माझ्या टर्पेंटाइनचा वास त्यांना सोसत नव्हता. रुमालाआडून म्हणाल्या, "तांबटबाई, शाळेच्या मुली येणार हॉलमध्ये. घाबरतील हो. थोर स्त्री कशी प्रसन्न वाटली पाहिजे."

करंबे गावात ही गोष्ट घडली त्याला आता तीसेक वर्षं होतील. मी तिथल्या कन्याशाळेत चित्रकला शिकवायची आणि घरच्या पडवीत माणसांची चित्रं काढायची. भाऊसाहेब तेव्हा नगराध्यक्ष होते. गावात नवा हॉल बांधला होता आणि त्याच्या भिंतींवर इतिहासातल्या थोर स्त्रिया लावायच्या असं ठरलं होतं. राण्या आणि वीरांगना तयार छापील आणल्या होत्या, सगळ्यांचा चेहरा एकच, फक्त हातातली वस्तू वेगळी. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, आपल्या गावचीही एक पाहिजे. आणि आपल्या गावची म्हणजे दुसरी कोण असणार? चिमाबाई आगटे.

चिमाबाई अकराव्या वर्षी विधवा झाल्या. न्हाव्याला बोलावून डोकं उतरवलं, अंगावर आलवण चढवलं, ते विधवांचं जाडंभरडं तांबडं लुगडं, आणि माजघराच्या कोपऱ्यात बसवलं. ती पोर कोपऱ्यातनं उठली. प्लेग आला तेव्हा अख्खं गाव माळावर पळालं, घरात माणसं टाकून पळालं, आणि ही बाई मागं राहून त्यांचं हगणंमुतणं काढत होती. पुढं मिशनच्या डॉक्टरीणबाईकडे सुईणपण शिकली आणि राहत्या घरात बाळंतघर काढलं. कुणीही यावं. महारवाड्यातली यावी, वाण्याची यावी, देवळासमोर बसणारी यावी. एकाच ओळीत खाटा. त्या काळात, करंब्यासारख्या गावात! पंचक्रोशीतली निम्मी माणसं त्या घरात जन्मली.

अशी बाई. आणि ह्यांना तिचं डोकं बरं दिसत नव्हतं.

"त्या विधवा होत्या, मृणालिनीताई," मी म्हटलं. "कुंकू कसं लावू?"

"अहो, होत्या!" भाऊसाहेब हसले. "आता गेल्या ना? गेल्यावर कसली विधवा नि कसली सवाष्ण? वर नवऱ्याजवळच असतील की."

सांगते, मला त्या क्षणी ती दोघं पडवीत नकोशी झाली. खोटं नाही. पेढ्याचा गोडसर वास, त्यांच्या तोंडातल्या पानाचा वास, आणि ते हसणं. मी म्हटलं, "चित्र असंच राहील. नको असेल तर नेऊ नका." दोघं एकमेकांकडे बघून पायरी उतरली. मला वाटलं, मी जिंकले.

हे चित्र मी एकटीनं काढलेलंच नव्हतं मुळी. बाईंचा फोटो म्हणावा असा एकच, बाळंतघराच्या पायरीवर दहा-बारा बायका आणि त्यात बाईंचा चेहरा वाटाण्याएवढा. त्यावरून काय काढणार, कपाळ? मग मला ठकूताईंचा पत्ता लागला. दत्ताच्या देवळामागं एका खोलीत राहायच्या. बाईंच्या हाताखाली शिकलेल्यांतल्या शेवटच्या. नव्वदीला टेकलेल्या, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यानं जवळचं दिसायचं. दुपारची जेवणं झाली की काठी टेकत माझ्या पडवीत यायच्या.

"कशा होत्या हो बाई?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"आता तोंडानं काय सांगू? इकडं ये." त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, बाळाचं धरतात तसं, आणि अंगठ्यांनी दाखवायला लागल्या. "हितं रुंद. तुझ्यापेक्षा रुंद. हनुवटी अशी पुढं. गालाला मांस नाही. डोळे... थांब, डोळे मिट. खोबणी खोल होत्या, बोट बुडंल अशा."

तसं ते चित्र झालं. मी माझ्या तोंडावर त्यांचे अंगठे आठवायची आणि ब्रश चालवायची. रोज येऊन त्या नाक कॅनव्हासला लागेल इतक्या जवळून बघायच्या आणि म्हणायच्या, "अजून नाही." एकदा मी बाईंच्या डोक्यावर पदर रंगवला, तर काठीच आपटली त्यांनी.

"पदर काढून टाक."

"अहो, पण त्या काळी विधवा उघड्या डोक्यानं..."

"आमच्या बाई असायच्या. काढ म्हणते ना!"

"का पण?"

"भिंतीला लागू दे चित्र. मग सांगीन. मला एकदा त्यांना डोळ्यांसमोर बघायचंय गं. माझ्यापाशी फोटोसुद्धा नाही. ह्या एका डोळ्यात उजेड आहे तोवर लाव बाई भिंतीला."

पदर काढला. तांबूस, खुंट उगवलेलं, उघडं डोकं रंगवलं. दुसऱ्या दिवशी ठकूताई आल्या, जवळून बघितलं. पडवीच्या पायरीवर बसून पदरानं डोळे पुसत राहिल्या. मला तेवढी पावती पुरे होती. उद्घाटनाला पडद्याची दोरी ठकूताईंनीच ओढायची, अशी अट मी घातली आणि भाऊसाहेबांनी ती मान डोलावून कबूल केली. चौकट बसवायला म्हणून चित्र दोन दिवस आधी हॉलवर गेलं.

कार्यक्रम चैत्रातला. महिला मंडळानं त्यातच चैत्रातलं हळदीकुंकूही उरकून घ्यायचं ठरवलं होतं. हॉलच्या बाहेर मांडव, त्यात आंब्याच्या डाळीची पातेली आणि पन्ह्याची पिंपं. आत बायकांची ही गर्दी, गजऱ्यांचा आणि घामाचा वास. मी ठकूताईंना धरून पुढच्या रांगेत आणून बसवलं. पांढरं पातळ धुऊन, घडी मोडून नेसल्या होत्या.

मंडळाची एक बाई वाकून म्हणाली, "आजींना जरा कडेला बसवता का? मधे पाहुण्या बसतील."

"दोरी आजीच ओढणार आहेत," मी म्हटलं.

"नाही, ते... मृणालिनीताईंनी बदललंय थोडं." ती माझ्या कानाशी लागली. "शुभकार्य आहे ना. सवाष्णीच्या हातून होऊ दे म्हणाल्या."

मी ताडकन उठले, तर ठकूताईंनी माझा हात धरला. "बस गं. दोरी कुणी का ओढंना. बाई दिसल्याशी कारण." आणि त्या आपणहून उठून कडेच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मी त्यांच्या शेजारी बसले.

मृणालिनीताईंनी दोरी ओढली. टाळ्या पडल्या.

काय बघितलं मी! बाईंच्या डोक्यावर काळेभोर केस. चापूनचोपून बसवलेले, मधोमध भांग आणि कानामागनं डोकावणारा मोगऱ्याचा गजरा. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नाकात नथ. गळ्यात मंगळसूत्र. आणि ठकूताईंच्या अंगठ्यांनी घडलेल्या त्या पातळ, मिटलेल्या ओठांना गुलाबी रंग लावून थोडं वर ओढलेलं, हसऱ्या दिसाव्यात म्हणून. हे काम हातोळकर पेंटरचं, दुकानांच्या पाट्या रंगवायचा तो. त्याला दोष देत नाही मी, त्याला सांगितलं ते त्यानं केलं.

शेजारून ठकूताई म्हणाल्या, "झालं का उघडून? मला इथनं दिसत नाही. जवळ ने की."

मी नेलं. काय करणार? त्यांनी मान पुढं केली, चांगला डोळा चित्राला लावला, वरपासून खालपर्यंत बघितलं. मग माझ्याकडे वळल्या.

"ही कोण?"

त्यांनी काठीनं बाजूला सरलेला पडदा चाचपला.

"आमच्या बाईंचं कधी उघडणार?"

"आजी, जागेवर बसा, जागेवर," मृणालिनीताई हसऱ्या तोंडानं म्हणाल्या आणि त्यांना कोपरानं हळूच बाजूला सारलं. त्यांच्या हातात हळदीकुंकवाचं तबक होतं. त्यांनी चित्राच्या त्या रंगवलेल्या कुंकवावर खरं कुंकू टेकवलं, खण-नारळानं बाईंची ओटी भरली आणि नमस्कार केला. पाठोपाठ रांग लागली. एकेक बाई यायची, बाईंच्या कपाळाला बोट लावायची आणि हात जोडायची. ज्या बाईला जिवंतपणी कुणी शुभकार्याला उंबऱ्यात उभं केलं नसतं, तिच्या कपाळावर ह्या आज कुंकवाचा थर चढवत होत्या. आणि सगळ्यांचे चेहरे कसे तर भक्तीनं ओथंबलेले! मला शिसारी आली.

मग तबक आमच्या रांगेत आलं. लग्न नुकतंच झालेली एक पोरगी ते फिरवत होती. तिनं मला हळदीकुंकू लावलं, हाताला अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं. तिचं बोट पुढं झालं, ठकूताईंच्या कपाळाशी आलं, थबकलं, आणि तसंच वरच्या वर पलीकडच्या बाईकडे गेलं. अत्तरदाणीही तशीच गेली. ठकूताईंनी हात आधीच पदराखाली घेऊन ठेवले होते. सवयीनं. त्यांना हे पाठ होतं, कधी हात पुढं करायचा नाही ते.

पुढं भिंतीवर एक विधवा नथ घालून हसत होती, आणि जिला तिनं हाताला धरून शिकवलं ती हात लपवून बसली होती. मी उठले.

माझ्या झोळीत टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं होतं. चित्र टांगताना कुणाची ना कुणाची बोटं लागतातच, म्हणून मी ते जवळ ठेवते. खालचा माझा रंग महिन्यांपूर्वीचा, खडखडीत वाळलेला, वर वॉर्निश. हातोळकरचा रंग दोन दिवसांचा, ओला. मी फडकं भिजवलं, पिळलं आणि बाईंच्या डोक्यावरनं फिरवलं.

गजरा गेला. केस गेले. काळा ओघळ खाली आला, तो मी पुसला. खालून ते तांबूस डोकं वर यायला लागलं.

"अहो, अहो! काय करताय?" मागं गलका झाला. "धरा त्यांना! वेड लागलं का बाईला?"

मी नथ पुसली, मंगळसूत्र पुसलं. ओठ पुसले. कुंकवावर आले, तर रंगवलेलं आणि लावलेलं असं दोन्ही कालवून कपाळभर लाल चिखल झाला. फडक्याची दुसरी बाजू घेतली आणि तो निपटून काढला. माझे हात कोपरापर्यंत लाल-काळे. एक बाई किंचाळली, तिचं नाव नाही घेत, अजून हयात आहे. ती किंचाळली, "अगं, भर सभेत बाईंना विधवा केलीस की गं!"

काही बायकांनी देवाचं नाव घेतलं. दोघीतिघींनी आपापल्या कपाळाला हात लावून कुंकू जागेवर आहे ना ते चाचपलं.

भाऊसाहेब तावातावानं माझ्यापुढं आले. "तांबटबाई, हा गावाचा अपमान आहे. आम्ही बाईंना मान द्यायला निघालो, आणि तुम्ही शुभप्रसंगी हे... हे ध्यान उघडं करून ठेवलंत? कोण बघणार आहे असलं?"

"मी बघणार आहे," ठकूताई म्हणाल्या.

त्या काठी टेकत पुढं आल्या होत्या. कुणी आडवं गेलं नाही, बायका पदर सावरत लांबच झाल्या. त्यांनी भाऊसाहेबांकडे मान वर करून बघितलं.

"तू निंबळ्यांच्या रंगूचा ना? थोरला?"

"हो, आजी. पण आता..."

"पायाळू तू. पाय आधी आले तुझे. दिवसभर अडली होती तुझी आई. तुझ्या आज्यानं टांगा धाडला बाईंना आणायला. घाईघाईत धाडला." त्या क्षणभर दम घ्यायला थांबल्या. "तवा नव्हता निरोप, की कुंकू लावून या म्हणून."

बाहेर कुणीतरी डाळीच्या पातेल्यावर डाव आपटला. भाऊसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आता हा माणूस काहीतरी बोलेल, निदान मान खाली घालेल, असं मला वाटलं. ते हसले. तेच हसणं, माझ्या पडवीतलं.

"वय झालंय आजींचं," ते सगळ्यांना म्हणाले. "चला, चला, डाळ-पन्हं तयार आहे. कुणी तसंच जायचं नाही."

आणि सगळ्या गेल्या हो! मला वाटलं होतं भांडतील, चित्र फोडतील, निदान दोघी तरी आमच्याजवळ उभ्या राहतील. कुणी काही केलं नाही. खणांच्या पिशव्या उचलल्या, साड्या सावरल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. जाता जाता एकजण दुसरीला म्हणत होती, यंदा डाळीला कैरी आंबट मिळाली नाही. त्या किंचाळणारीचा राग आला नव्हता मला, एवढी ह्या डाळ खाणाऱ्यांची किळस आली. नंतर ते चित्र त्यांनी परत पाठवलं आणि तिथं छापील काहीतरी लावलं. पण ते नंतरचं.

हॉलमध्ये आम्ही दोघीच राहिलो. ठकूताई चित्रापाशी गेल्या, नाक लागेल इतक्या जवळ. बराच वेळ बघत होत्या.

"आल्या," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या मागं उभी राहिले.

"सांगते म्हटलं होतं ना तुला, पदराचं. बाईंचं बाळंतघर नवीन होतं तवा. वेशीजवळच्या जोशांची पोरगी अडली. बाई धावत गेल्या. तर दारातच अडवलं. पहिलं बाळंतपण, आणि असलं डोकं खोलीत नको. बाईंनी हात जोडले. म्हणाल्या, मी डोकं झाकून घेते, पदर नाकापर्यंत ओढते, कुणाला दिसणार नाही. तरी नाही. बाई उंबऱ्याबाहेर बसून राहिल्या आणि आत ती पोर ओरडून ओरडून गेली. पंधरा वर्षांची होती. बाईंनी तिथंच, त्यांच्या दारात, डोक्यावरचा पदर खाली टाकला. म्हणाल्या, हे मी केलेलं नाही, तुम्ही केलंय. आता बघा. परत म्हणून घेतला नाही कधी. ऊन असो, लग्नघर असो, साहेब येवो. आणि मग यायला लागले गं सगळे. ह्याच डोक्याच्या पायाशी पोरी आणून टाकायला लागले."

बाहेर पन्ह्याच्या पेल्यांचा आवाज येत होता. ठकूताईंनी मान अजून पुढं केली. बाईंच्या नाकाशी नथीच्या पिवळ्या रंगाचा एक ठिपका राहिला होता, माझ्या फडक्यातनं सुटलेला.

"थांबा," मी म्हटलं, "टर्पेंटाइन देते."

त्यांनी ऐकलं नाही. पातळाचा पदर खांद्यावरनं पुढं ओढला, त्याचं टोक जिभेला लावून ओलं केलं, आणि शाळेत निघालेल्या पोराचं तोंड पुसावं तसा डाव्या हातानं बाईंच्या हनुवटीला आधार देऊन तो डाग घासायला लागल्या.

"हलू नका," बाईंना म्हणाल्या. "झालंच."